लांबच्या पल्ल्याची गाडी

आप्पांनी चावी फिरवली, इंजिन खडखडलं, आणि आतल्या खोलीतून अक्कांनी विचारलं, "निघाला व्हय गं भरतेश?"

"व्हय, हे निघाले," मी म्हणाले.

"खाल्लं का कायतरी?"

"भाकरी खाऊन निघाले."

अक्कांनी डोळे मिटले. त्या माझ्या सासूबाई. मी त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना जरा उठवलं आणि पेजेची वाटी तोंडाला लावली. बाहेर अंगणात सासरे, म्हणजे आप्पा, पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसून बशीतून चहा पीत होते. चहा सावकाश संपायचा. मग ते गाडी बंद करायचे, उतरायचे आणि फडक्याने पुढची काच पुसायचे. गाडी जागची हलायची नाही.

भरतेश, माझा नवरा, जाऊन तेव्हा तीनेक महिने झाले होते.

शिरोळ तालुक्यात आमची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. टोमॅटो, ढबू मिरची, वांगी, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन पोचवायची, हा धंदा. भरतेश पार सीमेपलीकडे संकेश्वर, हुक्केरी, गोकाकपर्यंत रोपं घेऊन जायचा. त्यासाठीच त्याने डिझेलची पिकअप घेतली होती. अशाच एका फेरीवरून परत येताना निपाणीजवळ त्याच्या छातीत कळ आली. त्याने गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि संपला. गाडीला एक ओरखडाही नव्हता.

अक्कांना त्याच्या थोडे दिवस आधीच अर्धांगाचा झटका आला होता. दुसरा धक्का या बाईला सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून भरतेशला घरी आणलंच नाही. जयसिंगपूरला नणंदेच्या दारातून नेला. पुढचे दिवसही तिकडेच झाले. मी दिवसभर तिथे बायकांच्या घोळक्यात बसायची, आणि संध्याकाळी घरी आले की अक्कांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी आरशासमोर उभी राहून कुंकू लावायची, बांगड्या चढवायची.

गाडीचं कुणी ठरवून केलं नव्हतं. माझा धाकटा दीर भूपाल एका सकाळी ती अंगणातून हलवायला म्हणून सुरू करत होता. आतून अक्का म्हणाल्या, "निघाला व्हय भरतेश?" आणि दोन दिवस अन्नाला न शिवलेल्या बाईने त्या सकाळी वाटीभर पेज घेतली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी कुणाला न सांगता चावी उचलली. तेव्हापासून हे रोज. संध्याकाळी अक्कांनी विचारलं की आम्ही सांगायचो, तुमचा डोळा लागला होता, बघून गेले. झटक्यानंतर त्यांना दिवसाचा मेळ राहत नव्हता, त्यामुळे ते खपत होतं.

भरतेश गेला, हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. हळू आवाजातसुद्धा नाही. मीही कुठे उच्चारलं नव्हतं. जयसिंगपूरला बायका म्हणायच्या, रड बाई, छातीत बसेल. मला रडू येत नव्हतं. मला भूक लागायची, मी जेवायची. झोप यायची, झोपायची. आम्हाला मूल नव्हतं, तेव्हा कुणासाठी धीर धरलाय असंही म्हणता येत नव्हतं. "हिला काही वाटतच नाही," असं एकजण माझ्यामागे म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. मला खरोखरच काही वाटत नव्हतं.

मग गाडीच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला.

भूपाल गाडी दाखवून आला आणि संध्याकाळी अंगणात दोघं बापलेक भांडायला बसले. भांडण अक्कांच्या कानावर जाऊ नये म्हणून कुजबुजत चाललं होतं, त्यामुळे ते जास्तच गंभीर वाटत होतं.

"फिल्टर चोंदलाय," भूपाल म्हणाला. "ह्या नव्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरात फिल्टर असतो. गाडी लांब पळाली की ती काजळी आपोआप जळते. जागेवर चालू ठेवली की साठत जाते. मेकॅनिक म्हणाला, ही गाडी चालते कमी आणि सुरूच जास्त असते. मी काय सांगणार त्याला?"

"डिझेलला सकाळी गरम हुऊ द्यावं लागतं," आप्पा म्हणाले. "जल्मभर वडापची जीप चालवली मी. मला शिकवू नगस."

"ती जीप होती आप्पा. तिला गरम करावंच लागायचं. हिला तेच बाधतंय."

आप्पांनी तंबाखूची पुडी काढली. बरीच वर्षं खेड्यापाड्यांतून माणसं वाहिलेला माणूस होता तो. आपल्या हाताने इंजिन बिघडलं, हे त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

"मी म्हणतो, ही देऊन सीएनजी घेऊया," भूपाल पुढे म्हणाला. भूपालला गाड्यांमधलं सगळं कळायचं, म्हणजे गाड्यांचे व्हिडिओ तो जेवतानाही बघायचा. "पंप आता दारात झालाय. आपल्या फेऱ्या कुठल्या, तर शिरोळ, कुरुंदवाड, फार तर हातकणंगले. कर्नाटकात जायला दादा होता, आता कोण जाणार? एवढ्याशा फेऱ्यांना डिझेल परवडत न्हाई."

"टाकीनं मागची जागा खाल्ली की ट्रे कुठं ठेवणार? तुझ्या डोक्यावर?"

"चार ट्रे कमी बसतील."

"आणि चढाला दम लागतोय सीएनजीला."

"आपल्या तालुक्यात चढ कुठं हाय, आप्पा?"

आमचा सगळा मुलूख नदीकाठचा, परातीसारखा सपाट. आप्पा तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "आवाज येत न्हाई तिला."

खरं कारण तेच होतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. सीएनजीची गाडी सुरू झाली तर आतल्या खोलीत कळलंही नसतं.

गाडी भरतेशच्या नावावर होती, म्हणजे देताना माझी सही लागणार होती. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुम्ही सांगा."

"भाकरी गार व्हायल्यात," मी म्हणाले.

जेवणं झाल्यावर भूपाल भांड्यांजवळ येऊन उभा राहिला. "वहिनी, गाडी गेली की अक्काला सांगावंच लागेल, मला कळतंय. पण कधीतरी सांगायलाच पाहिजे की नको? तुम्ही आत एक नि भायेर एक असं किती दिवस राहणार?"

"आणि सांगितल्यावर त्यांना काही झालं तर?"

तो निघून गेला. मी भांडी विसळत उभी राहिले. गाडी ठेवली तर मी जिवंत नवऱ्याची बायको म्हणून त्या खोलीत ये-जा करत राहणार, किती वर्षं कोण जाणे. गाडी दिली तर मला विधवा होता येणार, पण कदाचित अक्कांच्या जिवावर. हे सगळं मला स्पष्ट कळत होतं. पण कुठल्याही बाजूने मन हलत नव्हतं. बाजारात दोन भाज्यांपैकी कोणती घ्यायची, याचासुद्धा मी जास्त विचार केला असता.

गाडी बदलून घेणारा माणूस येणार होता. दिवा लागलेली बघून तो भाव पाडेल, म्हणून आधी दिवा घालवायचा ठरला. त्याचा उपाय मेकॅनिकने सांगितला होता. हायवेला काढा, रेस चढती ठेवून पळवा, दिवा जाईपर्यंत थांबू नका. भूपालला त्या दिवशी कोबीची लावणी होती. आप्पांना मोतीबिंदू. राहिले मी. पिकअप मला भरतेशनेच शिकवली होती, लायसन्सही काढून दिलं होतं. नर्सरीपासून डांबरी रस्त्यापर्यंत भरलेली गाडी मीच आणायची. हायवेवर कधी नेली नव्हती.

आप्पा शेजारी बसले. हातकणंगले मागे टाकून आम्ही हायवेला लागलो आणि मी गाडी कागलच्या दिशेने सोडली.

"चौथ्यातच ठेव," आप्पा म्हणाले. "पाचवा टाकू नगस. फिरू दे तिला."

इंजिन जोरात गात होतं. दिवा तसाच होता. मोकळी गाडी, खड्ड्यावरून गेली की हौद्याचा मागचा फाळका खडखडायचा.

"गेला का?"

"नाही."

"म्होरं टोलनाका हाय. थांबायला लागंल. त्येच्या आत जायला पाहिजे." ते दिव्यावर डोळे लावून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "त्रिशला, मी तुझ्या सासूसाठी म्हणून चालू करतो गाडी. सगळ्यांना तसंच वाटतंय."

समोर ट्रक होता.

"ती एकदा विचारती, 'निघाला व्हय'. मग मी चहा पितो. तवर मला वाटतं, ह्यो आत चप्पल हुडकायलाय. आत्ता ईल. आता म्हणंल, आप्पा, सरका तिकडं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "चहा संपला की कळतंय. मग बंद करतो."

दुसरी कुणी असती तर तिला भरून आलं असतं. मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि ट्रकला मागे टाकलं. सासऱ्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा मनातलं काहीतरी सांगितलं होतं आणि मी गिअरवर हात ठेवून बसले होते.

"मग राहू दे की गाडी," मी म्हणाले.

"राहू दे म्हणतीस? खरं भूपाल बी खुळा न्हाई. त्येचं बराबर हाय. मीच बिघडीवली ती."

कागलच्या अलीकडे दिवा लुकलुकायला लागला. आप्पा म्हणाले, "जातोय, जातोय." तो गेला नाही. त्याच्या शेजारी दुसरा, लाल दिवा लागला आणि गाडीने एकदम जोर सोडला. पाय दाबून धरला तरी सायकलवाला पुढे जाईल इतकीच चालायला लागली. आम्ही कशीबशी ती हायवेवरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये घातली.

तिथल्या पोराने लॅपटॉप जोडला आणि मान हलवली. "आता नुसती पळवून भागायचं नाही. मशीन लावून जाळायला लागेल. ठेवून जा, उद्या दुपारनंतर न्या."

"सकाळी न्हाई व्हायची?" आप्पांनी विचारलं.

"सकाळी कशी होईल, काका?"

"उजाडायच्या टायमाला नुसती अर्धा तास द्या. परत आणून लावतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी आप्पांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. एसटीत ते खिडकीशी बसले होते. सगळ्या वाटेत एवढंच म्हणाले, "उद्या काय सांगायचं?"

"सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणून सांगू. खरंच तर आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा अंगण मोकळं होतं. आप्पा कट्ट्यावर बसले होते. मी चहा दिला, तो त्यांनी शेजारी ठेवला. मी आरशासमोर उभी राहून कुंकू लावलं, बांगड्या घातल्या आणि पेजेची वाटी घेऊन आत गेले. उत्तर पाठ होतं.

अक्का जाग्या होत्या. आढ्याकडे बघत होत्या. बराच वेळ त्यांनी काहीच विचारलं नाही. मग जड जिभेने, एकेक शब्द सोडवत म्हणाल्या, "तुझं सासरं उठलं न्हाईत व्हय आज?"

"उठलेत की. गाडी सर्व्हिसिंगला—"

"चहा घेतला का तेंनी?"

"ठेवलाय समोर."

"घेनार न्हाईत. गाडीत बसल्याबिगर चहा जात न्हाई आता तेंना."

माझ्या हातात वाटी होती. ती खाली कुठे ठेवायची ते मला सुचेना.

"अक्का," मी म्हणाले.

"बस."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच," अक्का म्हणाल्या. "लगीन हुऊन आल्यापासनं कवा धड कुंकू लावलंयस? टिकली चिकटवायचीस, ती बी आंघोळीत पडायची. मी बोलून बोलून दमले. आन् एकदम रुपयाएवढं कुंकू, रोज, माझ्या खोलीपुरतं. फरशी पुसायला लागलीस की दारातनं दिसतीस मला. तवा कपाळ मोकळं." त्या दम घेऊन म्हणाल्या, "दार उघडं असतंय, बाई."

इतके दिवस आम्ही सगळ्या गोष्टी सांभाळल्या होत्या. येणारी माणसं बाहेरच्या बाहेर परतवली, फोन अंगणात जाऊन घेतला, आणि ते दार कधी लोटून घेतलं नाही.

"मग रोज विचारता ते?"

"निघाला व्हय, म्हणल्याशिवाय हे बशी तोंडाला लावत न्हाईत. आवाजाची वाट बघत बसत्यात. मला हितनं कळतंय." त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. "मला ठावं हाय हे तेंना कळू देऊ नगस. माझ्यासाठी म्हणून उठत्यात ते. मला कळलंय म्हणल्यावर कशासाठी उठतील? आन् गाडी इकू देऊ नगस. भूपालचं ऐकलंय मी. कुजबुजला तरी त्येचा आवाज मोठाच."

आप्पा अक्कांसाठी गाडी सुरू करत होते, अक्का आप्पांसाठी विचारत होत्या, आणि त्या दोघांच्या मधल्या दारात मी रोज कुंकू लावून, पुसून, परत लावून ये-जा करत होते. मला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

मला राग आला. भरतेश गेल्यापासून मला काही वाटलं असेल तर ते हे पहिलंच, आणि तो नुसता राग होता. अंथरुणावर पडलेल्या बाईचा, कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचा, या सगळ्या घराचा. मी पदराने कपाळ खसखसून पुसलं. अक्कांनी तोंड फिरवलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि एका बाजूने, वाकड्या झालेल्या गालावरून, उशीवर उतरलं.

"पेज दे," त्या म्हणाल्या. "गार व्हायलीय."

मी पेज भरवली. बाहेर येऊन आप्पांना सांगितलं, "सर्व्हिसिंगचं पटलं त्यांना. खाल्लं सगळं." त्यांनी मान डोलावली आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

दुपारनंतर मी आणि भूपाल गाडी आणायला गेलो. येताना तो चालवत होता. दिवे गेले होते, गाडी हलकी पळत होती.

"उद्या तो माणूस येतोय," भूपाल म्हणाला. "आता भाव बरा देईल."

"गाडी राहू दे, भावजी."

"अक्कासाठी?"

"नाही."

"मग एक तरी धड कारण सांगा, वहिनी. मी काय तुमचा वैरी न्हाई. जवळच्या फेऱ्यांना ही गाडी चालत न्हाई, चोंदतीय. परत महिनाभरात हेच."

"मग लांब नेऊया. सीमेपलीकडची गिऱ्हाइकं अजून फोन करतात की."

"नेणार कोण?"

"मी."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "निपाणीवरनंच जावं लागतंय."

"माहीत आहे."

मी आप्पांसाठी किंवा अक्कांसाठी गाडी ठेवली, असं आमच्या पाहुण्यांत आजही सांगतात. ऐकायला बरं वाटतं. खरं तर मला त्या घरापासून लांब जायचं होतं आणि लांब जाणारी ती एकच गोष्ट दारात उभी होती. मेकॅनिकला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं, की ही गाडी लांब पल्ल्याचीच आहे.

पहिल्या फेरीच्या दिवशी भूपालने ढबूचे ट्रे भरून दिले. रोपांना ऊन लागू नये म्हणून लवकर निघायचं असतं. आप्पा नेहमीसारखे आधी सीटवर जाऊन बसले, चावी फिरवली. आतून विचारणा झाली. त्यांनी चहा प्यायला, थोडा घाईने, आणि बशी घेऊन खाली उतरले. गाडी त्यांनी बंद केली नाही. मी वर चढले. दार लावताना ते म्हणाले, "घाटाला तिसरा घाल. डिझेल हाय, वढंल."

निपाणीजवळची ती जागा आली. भूपालने मला एकदा खूण सांगितली होती, पंपाच्या पुढची चिंच. मला वाटलं होतं, तिथे काहीतरी होईल. गाडी थांबवावीशी वाटेल. काही झालं नाही. चिंच आली तशी गेली. पुढे चढ लागला, मी तिसरा टाकला आणि भरलेली गाडी कुरकुर न करता वर चढली. भरतेशची निवड चुकीची नव्हती, एवढं मनात आलं.

हुक्केरीच्या पुढे रस्त्याला लागून शिवलिंगप्पांचं शेत होतं. भरतेशकडून ते दरवर्षी रोपं घ्यायचे. भूपालने फोनवर फक्त गाडी येतेय एवढंच सांगितलं होतं. मी गाडी बांधाला लावली, इंजिन सुरूच ठेवलं, कारण मागे घेऊन पाटाजवळ न्यायची होती. ओळखीची गाडी बघून ते लांबूनच हात वर करत आले. साठीचा माणूस, डोक्याला टोपी, पायाला चिखल.

"या या, मालक," म्हणत त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं, आणि थबकले. मग हसले. सीमेवरच्या मराठीत म्हणाले, "मालक कुठे आहेत? या खेपेला बाईमाणसांना पाठवले की गाडीवर."

"मालक वारले," मी म्हणाले.

इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. कानामागे हात धरून ते पुढे वाकले, तोंडावर अजून तेच हसू. "काय म्हणालात?"

मी चावी फिरवली. गाडी बंद झाली. शेतात एकदम शांत झालं, पाटातलं पाणी ऐकू यायला लागलं. इथे आतल्या खोलीत कुणी निजलेलं नव्हतं. कट्ट्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

"वारले," मी म्हणाले. माझा आवाज मला फार मोठा वाटला. "उन्हाळ्यात. तुमच्याकडे रोपं टाकून परत येताना."

शिवलिंगप्पांनी टोपी काढली. ती हातात धरून ते गाडीकडे बघत राहिले, मागच्या ट्रेंकडे, मग परत माझ्याकडे. माझ्या मोकळ्या कपाळाकडे त्यांचं लक्ष गेलं असावं, पण त्यांची खात्री होत नव्हती.

"मग तुम्ही कोण, बाई?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी त्यांची बायको," मी म्हणाले, आणि खाली उतरून तिथेच बांधावर बसून रडले.